बसायचं का?

"बसायचं का आज?" या प्रश्नात दारूचं नावसुद्धा नाही, तरी अर्थ सगळ्यांना कळतो. (आमच्या घरातल्या ज्येष्ठांनाही कळतो, फक्त ते तसं दाखवत नाहीत.) मला हा शब्दप्रयोग फार खरा वाटतो. यातली मोठी गोष्ट बसणं हीच आहे, ग्लासात काय ते नंतर.

पटत नसेल तर मुंबईत कुलाब्याच्या कॅफे मोंडेगरमध्ये जाऊन बघा. रीगल सिनेमाजवळच. १९३२ सालचा, मूळचा इराणी कॅफे. भिंतीभर मारिओ मिरांडांची चित्रं, आणि टेबलं इतकी जवळजवळ की शेजारच्यांच्या गप्पा फुकटात ऐकू येतात. मागे आम्ही चौघं गेलो होतो, त्यात एक मामेबहीण आणि साठी ओलांडलेली मावशी. मावशीने लिंबू सोडा घेतला, आम्ही बिअर, आणि खाणं मात्र सगळ्यांनी रेटून. दीड-दोन तास गप्पा झाल्या. मावशीकडे कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. भरपूर उजेड, पुढ्यात गरम काहीतरी आणि आजूबाजूला बायका-माणसं असली की पिणाराही आपोआप जरा सांभाळून वागतो.

आता आमच्या गोंडपिपरीकडे या. इकडे बार म्हणजे काळ्या काचा, मिणमिणता दिवा, आणि बाईमाणूस आलंच तर पडद्यामागची 'फॅमिली रूम'. ज्यांना तेवढंही परवडत नाही ते बाटली घेऊन नाल्याकाठी. पिणं आहे, बसणं नाही.

म्हणूनच दारूबंदीची चेष्टा करणाऱ्या शहरी मित्रांशी माझं जमत नाही. डिसेंबर २०१० मध्ये आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या बायका चिमूरहून पायी नागपूरला अधिवेशनावर गेल्या. शेकडो ग्रामपंचायतींनी ठराव केले. शेवटी १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात बंदी आली. या बायकांना कोणाची मजा खुपत नव्हती हो! त्यांच्या वाट्याला दारू कधी गप्पांसोबत आलीच नाही. आली ती मजुरीच्या दिवशी रिकामा खिसा होऊन, नाहीतर मध्यरात्री दारावरची लाथ होऊन.

बंदीने सगळं सुधारलं, असंही मी म्हणणार नाही. माल चोरून आणि चढ्या भावाने येतच राहिला. मे २०२१ मध्ये सरकारने बंदी उठवली, जुलैत दुकानं उघडली. तिकडे वैनगंगा ओलांडून आष्टीला गेलं की गडचिरोली जिल्हा, आणि तिथे १९९३ पासूनची बंदी अजून आहे. नदी एकच, या काठाला परवाना आणि त्या काठाला गुन्हा. पण बाईला संध्याकाळी मैत्रिणींसोबत निवांत बसून चहा पिता येईल अशी जागा माझ्या पाहण्यात दोन्ही काठांवर नाही.

माझा मुद्दा एवढाच. बंदी घालताना आणि उठवताना चर्चा झाली ती बाटलीची. टेबलाची कोणी केलीच नाही.

कोणी म्हणेल, पब ही पगारदारांची चैन, खेड्यात कशाला? मान्य. मोंडेगरचं आमचं बिल म्हणजे इकडची कित्येक दिवसांची मजुरी. पण मी पब मागतच नाहीये. बसस्टँडजवळ एक उजेडाची खानावळ, काळ्या काचा नाहीत, पडदा नाही, रात्री नऊपर्यंत चहा, भजी, झुणका-भाकर. दारूचा थेंब नको. आधी बायकांना तिथे बसायची सवय होऊ दे आणि पुरुषांना त्यांना बसलेलं बघायची. पुढे तिथे बिअर यावी की नाही, हेही मग त्याच टेबलावर, त्या बायकांना विचारून ठरवावं.

"आपल्याकडे चालायचं नाही" असं म्हणणाऱ्यांना एकच आठवण करून देतो. दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं लागतात, तेव्हा बाया, पोरं, म्हातारेकोतारे रात्रभर थंडीत एकत्र बसतातच ना? तेव्हा कोणाला पडदा लागत नाही. (रंगमंचाचा सोडून!) मग वर्षातल्या बाकीच्या संध्याकाळी काय होतं आपल्याला?