दाबलेल्या गाठी

जळगांव-धुळ्याकडील आमच्या वाचकांस कापसाच्या गाठीचें वर्णन करून सांगावयास नको. जिनिंगमध्यें सरकी निघाली, कीं फुगलेली रुई प्रेसखालीं दाबून १७० किलोंची गाठ बांधतात. रुई तितकीच राहते, जागा मात्र थोडी लागते. संगणकावर किंवा मोबाइलवर येणारी ‘झिप’ फाइल ही अशीच गाठ होय. अमेरिकेंतील फिल कॅट्झ यांनीं १९८९ सालीं हा प्रकार प्रचारांत आणला. मजकुरांत जें पुनःपुन्हां येतें, तें एकदां लिहून पुढें नुसती त्याची खूण ठेवावयाची, ही त्यांतली मुख्य युक्ति. म्हणून हिशेबाच्या याद्या पुष्कळ आटतात. छायाचित्रें आधींच दाबलेलीं असल्यामुळें फारशीं आटत नाहींत, पण लग्नाचीं दोनशें चित्रें एका गाठींत येतात, हाहि लाभ थोडा नव्हे.

गाठ सोडणें सोपें आहे. विंडोजमध्यें फाइलीवर माउसचें उजवें बटण दाबून ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ निवडावें. आयफोनच्या ‘फाइल्स’मध्यें नुसतें बोट टेकावें, अँड्रॉइडवर ‘फाइल्स बाय गूगल’ हें काम करतें. गाठ न सोडतां आंतल्या आंत कागद उघडून दुरुस्त्या करूं नयेत. त्या बहुधा जपल्या जात नाहींत. मराठी नांवांच्या जागीं विचित्र चिन्हें दिसलीं, तर भिण्याचें कारण नाहीं. गाठ बांधणारें साधन जुनें असलें म्हणजे तसें होतें. आंतील मजकूर शाबूत असतो.

भिण्याचें कारण दुसरीकडे आहे. तुळशीचें लग्न लागलें, कीं पत्रिका येऊं लागतात, आणि आतां त्या मोबाइलवर येतात. त्यांतच ‘लग्नपत्रिका’ अशा नांवाची, शेवटीं ‘एपीके’ हीं अक्षरें असलेली फाइल येते. हीहि रचनेनें झिपच. परंतु आपण ‘इन्स्टॉल’ला संमति दिली, कीं पत्रिकेऐवजीं एक ॲप मोबाइलमध्यें ठाण मांडतें व बँकेचे ओटीपी परस्पर चोराकडे धाडतें. निरोप मामांच्या क्रमांकावरून आला, म्हणून तो मामांनींच धाडला असें नाहीं; त्यांचाहि मोबाइल आधींच चोराच्या ताब्यांत गेलेला असूं शकतो. त्यांस फोन करून विचारावें. तसेंच अनोळखी माणसाकडून कुलूपबंद गाठ आणि त्याच निरोपांत तिची किल्ली आली, तर तें लक्षण बरें नव्हे. असलें कुलूप आंतील माल तपासणाऱ्या यंत्राच्या दृष्टीस पडूं नये, एवढ्यासाठींच बहुधा असतें.

तरुण मंडळींस मात्र येथें दोन शब्द सांगावेसे वाटतात. वडिलांचें पेन्शन जमा झाल्याचें ज्या मोबाइलवर कळतें, त्यावरच ही फाइल येते. ‘तुम्हांला यांतलें कळत नाहीं’ म्हणून त्यांच्या हातांतून मोबाइल काढून घेतला, तर पुढच्या वेळीं ते विचारणार नाहींत. आणि चुकून संमति दिली गेलीच, तर लाजेनें सांगणारहि नाहींत. त्या न सांगण्यांत गेलेला तासच महाग पडतो. तसें झाल्यास इंटरनेट तत्काळ बंद करावें, दुसऱ्या फोनवरून बँकेस कळवावें, पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर तक्रार द्यावी, आणि जाणत्या माणसाकडून मोबाइल रीसेट करून घेतल्यावांचून त्यावर बँकेचें ॲप पुन्हां उघडूं नये.