जिप्सी दुरुस्त करायची की विकायची? जुन्या गाडीचा हिशोब आता पाच-पाच वर्षांचा

पंधरा वर्षं झालेल्या कारची नोंदणी वाढवून घ्यायला मार्च २०२२ पर्यंत केंद्राची फी होती ६०० रुपये. एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये अजून एक टप्पा आला: वीस वर्षांवरच्या कारला १०,००० आणि बाइकला २,०००. नोंदणी मात्र आधीसारखीच पाच वर्षांनीच वाढते.

आमच्या घरी, शेलूबाजारला, २००६ ची मारुती जिप्सी किंग आहे. काकांनी हौसेनं घेतलेली. २०२१ मध्ये नोंदणी एकदा वाढवली, ती यंदा मे महिन्यात संपतेय. मी नवीन फी १० हजार धरूनच चाललोय. गॅरेजवाल्यानं कामाचा अंदाज दिलाय ९० हजारांचा: पाटे, शॉकअप, क्लचप्लेट, वायरिंग, थोडं पत्र्याचं काम आणि चार टायर. दुसरीकडे एक गिऱ्हाईक दोन लाखांपर्यंत बोलतंय. घरात दोन पक्ष पडलेत. "इकून टाक ना बाप्पा, काय ठेवतं त्या डबड्याले," हा एक. काका बोलत नाहीत, हा दुसरा. खर्च होईल तो हरभऱ्याच्या पैशातून, त्यामुळे नुसत्या हौसेवर निर्णय घेता येत नाही. म्हणून मी नियम, पार्ट आणि आकडे एकत्र मांडून बघितले. तुमच्याकडे जिप्सी नसेल, जुनी सिटी, पालिओ किंवा फिएस्टा असेल, तरी हिशोब हाच.

"१५ वर्षं झाली म्हणजे भंगार" हे खरं आहे का?

महाराष्ट्रात नाही. हा मेसेज दरवर्षी व्हॉट्सॲपवर फिरतो आणि त्याचं मूळ दिल्लीत आहे. दिल्ली आणि आसपासच्या एनसीआर भागात १० वर्षांवरची डिझेल आणि १५ वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवायला बंदी आली, ती हरित लवादाच्या आणि २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं. जुलै २०२५ मध्ये तिथे अशा गाड्यांना पेट्रोल पंपावर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं आणि काही दिवसांतच ते थांबवावं लागलं. डिसेंबर २०२५ मध्ये कोर्टानं स्पष्ट केलं की कारवाईपासून संरक्षण फक्त बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांना आहे.

वाशिम जिल्ह्यात यातलं काही लागू नाही. इथे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, मग तपासणी करून ती पाच-पाच वर्षं वाढते. गाडी तपासणीत पास झाली की ती कायदेशीर आहे.

अजून एक गैरसमज आहे: "जुनी झाली की व्हिंटेज करू." व्हिंटेज नोंदणीच्या २०२१ च्या नियमात गाडी ५० वर्षांवरची लागते. वीस वर्षांची जिप्सी तिथे पोरगी आहे.

विकायची असली तरी कागद आधी

ठेवायची की विकायची हे ठरायचं असतं, तोवर आपण आरटीओचं काम पुढे ढकलतो. नेमकं तिथेच नुकसान होतं. नोंदणी संपलेली गाडी दुसऱ्याच्या नावावर सहज होत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक भाव पाडतो. उशिराचे महिने जातील तसा दंड वाढतो तो वेगळाच. त्यामुळे दोन्ही वाटांना हे कागद लागतात:

- नोंदणीचं नूतनीकरण: फॉर्म २५. मुदत संपायच्या आधी ६० दिवसांत अर्ज करता येतो. गाडी आरटीओकडे दाखवावी लागते. आमच्यासाठी ते वाशिमला, पासिंग एमएच-३७.
- पर्यावरण कर: १५ वर्षांवरच्या खासगी गाड्यांना राज्यात २०१० पासून लागू आहे. केंद्राच्या फीपेक्षा तो वेगळा. तुमच्या गाडीची रक्कम परिवहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून बघा.
- एचएसआरपी पाटी: १ एप्रिल २०१९ आधीच्या सगळ्या गाड्यांना सक्तीची. कारला ७४५ रुपये अधिक जीएसटी. पाटी नसेल तर नाव बदलण्यासारखी कामं अडतात.
- विमा आणि पीयूसी: १००० ते १५०० सीसी कारच्या थर्ड पार्टी विम्याचा जून २०२२ मध्ये ठरलेला दर वर्षाला ३,४१६ रुपये, त्यावर जीएसटी.

चेसीस गेली असेल तर पुढचं वाचू नका

इंजिन बांधता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो. गंजलेल्या चेसीसवर घातलेला पैसा मात्र परत येत नाही. जिप्सीला शिडीसारखी वेगळी चेसीस आहे आणि तिचा पत्रा गंजण्यासाठीच ओळखला जातो. गाडी लिफ्टवर घ्या. पाट्यांच्या कड्या जिथे चेसीसला लागतात तिथे, बॉडी माउंटिंगवर आणि मागच्या आडव्या पट्टीवर स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. खपली निघाली तर चालेल, टोक आत गेलं तर नाही. चेसीस नंबरही वाचता आला पाहिजे. तपासणीत तोच जुळवतात आणि गंजानं तो खाल्ला असेल तर चांगली गाडीही अडकते.

हे सगळं मोबाइलवर शूट करून ठेवा. गॅरेजवाल्याशी बोलताना आणि पुढे गिऱ्हाईकाला दाखवताना, दोन्ही वेळा तो व्हिडिओ कामाला येतो.

पार्ट: कंपनी गेली की गाडी जाते का?

शेवरलेची विक्री भारतात २०१७ च्या अखेरीस थांबली. फियाटच्या पुंटो-लिनिया २०१९ मध्ये बंद झाल्या. फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायची घोषणा केली. या गाड्या चालवायला भारी, पण हेडलाइट, बंपर, काच, सेन्सर अशा खास त्याच मॉडेलच्या वस्तू शोधताना दम निघतो. अशी गाडी असेल तर काम काढण्याआधी पार्ट हातात घ्या. उलटं केलं तर गाडी महिनोन् महिने गॅरेजमध्ये उघडी पडते.

जिप्सीचं तसं नाही. ती १९८५ मध्ये आली आणि सामान्य गिऱ्हाईकासाठी २०१८-१९ च्या सुमारास बंद झाली, पण लष्करानं ती हजारोंनी वापरली. ताडोबा, पेंच, मेळघाटच्या सफारीत तुम्ही बसलात ती गाडीही बहुतेक हीच. किंगचं १२९८ सीसीचं १६ व्हॉल्व्हचं इंजिन ज्या घराण्याचं, त्याच घराण्याचं इंजिन २००५ च्या पहिल्या स्विफ्टमध्येही होतं. त्यामुळे विदर्भात मिस्त्री सापडतो आणि पार्टही. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सगळ्या पार्टवर एकच १८ टक्के जीएसटी आहे, आधी अनेक वस्तूंवर २८ होता. पक्कं बिल मागितलं तरच हा फरक तुमच्यापर्यंत पोचतो.

मोबाइलवाल्यांसाठी एक टीप: पाचशे रुपयांचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर घेऊन अशा गाडीला लावायला जाऊ नका. भारतात ओबीडी २०१० पासून टप्प्याटप्प्यानं आलं, आणि ॲपशी नीट बोलणारं ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांना मिस्त्रीचा कानच लागतो.

ई-२० पेट्रोलचं काय?

इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. म्हणून २० टक्के मिसळलं की शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ६-७ टक्के ऊर्जा कमी होते. ई-१० च्या तुलनेत ही घट साधारण तीन टक्क्यांची. मायलेज अर्ध्यावर आलं, असं कुणी म्हणत असेल तर दोष दुसरीकडे शोधा.

जुन्या गाडीत खरा प्रश्न रबराचा आहे. पेट्रोलचे पाइप, सील, गॅस्केट त्या काळच्या इंधनासाठी बनलेले. जुन्या गाड्यांत असे काही भाग बदलावे लागू शकतात हे पेट्रोलियम मंत्रालयानंही मान्य केलंय. दुसरं म्हणजे इथेनॉल पाणी धरतं. गाडी महिनाभर उभी राहिली की लोखंडी टाकीत तळाशी गंज धरायला ते पुरेसं असतं. उपाय स्वस्त आहेत: इंधनाचे पाइप एकदा सगळे बदला, फिल्टर बदला आणि आठवड्यातून एकदा गाडी वीस मिनिटं फिरवा.

आता आकडे

"दोन लाखांच्या गाडीला ९० हजार कशाला?" हा प्रश्न सगळे विचारतात. ही तुलनाच चुकते असं माझं मत आहे. गाडीची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च एकमेकांसमोर ठेवून काही कळत नाही. नोंदणी पाच वर्षांची मिळते, म्हणजे ९० हजारांत तुम्ही ६० महिने विकत घेताय. मग विचारायचं ते इतकंच: या ६० महिन्यांसाठी दुसरी सोय केवढ्याला पडते?

आमचा हिशोब असा:

- दुरुस्ती ९० हजार, कागदपत्रं सगळी मिळून २० हजार धरली. एकूण १ लाख १० हजार. महिन्याला साधारण १,८३५.
- विमा महिन्याला ३३५.
- म्हणजे २,१७० रुपये महिना.

विकली तर दोन लाख हातात. ते भरून आठ लाखांची गाडी घेतली, सहा लाखांचं कर्ज ९.५ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं, तर हप्ता येतो जवळपास १२,६००. विमा वेगळा.

जिप्सीच्या विरुद्ध बाजूही मांडू. ती लिटरला १० देते, नवीन गाडी २० देईल असं धरू. आमची गाडी वर्षाला ४,००० किलोमीटर फिरते: शेत, मंगरुळपीर, कधीतरी वाशिम. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर महिन्याला १,७५० जास्तीचे जातात. तरी एकूण ३,९२० होतात. पण तुम्ही महिन्याला १,००० किलोमीटर फिरत असाल तर जास्तीचं पेट्रोलच ५,२५० चं होतं. वर झीज वाढते, आणि पाच वर्षांनी नव्या गाडीला काही किंमत उरते, जुनीला फारशी नाही. तिथे पारडं विकण्याकडे झुकायला लागतं.

आकड्यात न बसणारी एक गोष्ट आहे. समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज आमच्या शेजारीच आहे आणि तिथे कारला वेगमर्यादा १२० ची आहे. जिप्सीत एअरबॅग नाही, एबीएस नाही, चारी बाजूंना पाटे. रोज समृद्धीवरून नागपूर किंवा संभाजीनगर करायचं असेल तर कितीही दुरुस्ती करा, ही गाडी त्या रस्त्याची नाही. अशा माणसानं विकावी.

आणि "विकून तशीच नवीन घेऊ" म्हणणाऱ्यांसाठी: सप्टेंबर २०२५ ची जीएसटी कपात सगळ्यांना सारखी नाही. चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीच्या आतल्या पेट्रोल किंवा १५०० सीसीच्या आतल्या डिझेल गाडीला १८ टक्के. जिम्नीचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ती ४० टक्क्यांत. आधी सेससह ४५ होता. फोर व्हील पेट्रोलच्या शौकिनांना फारसं काही मिळालेलं नाही.

विकायचीच असेल तर

- नाव बदलल्याशिवाय चावी देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सही करून मोकळं होणं धोक्याचं आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये सांगितलं की अपघाताची भरपाई देताना आरसीवर नाव असलेला माणूसच मालक धरला जाईल. त्या प्रकरणात गाडी पुढे तीन-चार हातांत गेली होती, तरीही.
- डीलरला देत असाल तर तो आरटीओचा अधिकृत डीलर आहे का विचारा. एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांत गाडी ताब्यात दिल्याची ऑनलाइन सूचना देता येते आणि जबाबदारी त्याच्याकडे जाते.
- जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी हा नोंदणीकृत डीलरच्या नफ्यावर असतो. तुम्ही घरगुती गाडी विकताना तो तुम्हाला लागत नाही.
- भंगारात द्यायची तर मान्यताप्राप्त केंद्रातच द्या आणि प्रमाणपत्र घ्या. त्यावर नवीन गाडीच्या करात राज्यानं १५ टक्के सवलत ठरवलीय. गल्लीतल्या भंगारवाल्याकडे दिली तर आरसी तुमच्याच नावावर जिवंत राहते.
- व्हॉट्सॲपवर "आरटीओ चलान" नावाची एपीके फाइल आली तर उघडू नका. चलान परिवहनच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन बघा. गाडी विक्रीला टाकली की अनोळखी मेसेज वाढतात, तेव्हा जास्त जपा.

थोडक्यात

चेसीस गंजलीय: विका. पार्ट मिळत नाहीत आणि गाडी रोजची आहे: विका. रोज लांब आणि वेगात जायचंय: विका. चेसीस शाबूत, पार्ट मिळतात, फिरणं कमी: दुरुस्त करा, पण ६० महिन्यांचा आकडा आधी कागदावर लिहा आणि वरची मर्यादा ठरवा.

आमच्या जिप्सीची चेसीस ठोकून बघितली, शाबूत आहे. म्हणून ती ठेवायची आणि काम दोन टप्प्यांत करायचं असं ठरलंय. तपासणीच्या आधी पाटे, वायरिंग, टायर आणि इंधनाचे पाइप. पत्रा आणि रंग पुढच्या हंगामानंतर. मर्यादा दीड लाख. त्यापुढे मिस्त्रीनं एक रुपया सांगितला तरी गाडी विक्रीला, हे काकांनीही कबूल केलंय. २०३१ मध्ये कागद पुन्हा संपतील, तेव्हा हाच हिशोब नव्यानं मांडू.