अंडं न्हाई ना घातलं?

सुरुवातीलाच कबूल करते, मी कॉन्व्हेंटवाली. मराठी घरी बोलले, शाळेत लपवलं आणि लिहायला बसले ती थेट या अंकासाठी. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. विषय पोटाचाच आहे!

यंदा गॅदरिंगच्या फूड स्टॉलसाठी आमच्या ग्रुपने नाव दिलं. मेनू : कुकरमधला केक, नाचणीची बिस्किटं आणि आईच्या पद्धतीचा पास्ता. उत्तर आलं, "थीम मराठमोळी आहे. फक्त आपले पदार्थ." ठीक. मग आपले पदार्थ म्हणून काय मंजूर झालं? साबुदाणा खिचडी आणि वडापाव!

आता बघा. आपला साबुदाणा ज्या टॅपिओकाच्या कंदापासून बनतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिकडचाच. मिरची, बटाटा तिकडचेच. म्हणजे एकादशीला आख्खा महाराष्ट्र ताटभर अमेरिका खातो आणि त्याला उपवास म्हणतो. पाव तर पोर्तुगीजांकडून आला, नावासकट. वडापाव 1966 साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी सुरू केला असं सांगतात, म्हणजे वयाने तो कित्येकांच्या आजीपेक्षा लहान. आणि ज्या इटलीच्या नावाने पास्ता नाकारला, त्या इटलीलाही टोमॅटो कोलंबसानंतरच मिळाला. (आई पास्त्याला कांदा-लसूण मसाल्याची फोडणी देते. इटलीत कुणाला सांगू नका.)

लांब कशाला, आमच्या गावचंच सांगते. मी टाकवे बुद्रुकची. कान्ह्याला लोकलमधून उतरायचं, इंद्रायणीवरचा पूल ओलांडायचा की आमचं आंदर मावळ. घरी पाहुणा आला की आजोबा भात वाढताना हमखास म्हणणार, "घरचा इंद्रायणी हाय." हा इंद्रायणी तांदूळ जन्मला आमच्या शेजारी, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात, 1987 साली. आई-बाप कोण? एक आपला आंबेमोहोर. दुसरा आयआर-8, म्हणजे फिलिपाईन्सच्या संशोधन संस्थेने 1966 साली आणलेलं वाण. आणि त्या आयआर-8 चे आई-बाप? एक इंडोनेशियाचा, एक तैवानचा बुटका. मावळची शान म्हणून मिरवतो त्या तांदळाचं अर्धं आजोळ समुद्रापलीकडे आहे. आजोबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "असंल. वास तर आपलाच हाय ना?" विषय संपला!

तर आईचा केक. आईच्या लग्नात मिळालेलं 'रुचिरा' आमच्या घरात अजून आहे आणि त्याच्या शेवटच्या पानावर पेपरच्या पुरवणीतलं केकचं कात्रण खळीने चिकटवलेलं आहे. कुकरची शिट्टी आणि रिंग काढायची, तळाला वाळू पसरायची, त्यावर भांडं ठेवून झाकण लावायचं आणि गॅस बारीक. ती वाळू नदीची, चाळून धुऊन वाळवलेली, डब्यावर खडूने 'केक' लिहिलेलं. वाळू कशाला, हे मला थर्ड इयरला हीट ट्रान्सफर शिकताना कळलं. आच थेट भांड्याच्या बुडाला न लागता पसरून लागते, आणि वर झाकलेली गरम हवा बाकीचं काम करते. आई हे फिजिक्स न शिकता वीस वर्षं करतेय. मध्यंतरी बाबांनी ओव्हन आणला. तो छान कव्हर घालून ठेवलाय, कारण पावसाळ्यात आमच्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही आणि गॅस कधी जात नाही.

केक बिनअंड्याचा. आजी माळकरी. त्यामुळे मिल्कमेड, दही आणि सोडा. दर वेळी आजी बशी हातात घेऊन एकच विचारते, "ह्येच्यात अंडं न्हाई ना घातलं?" नाही म्हटलं की चहात बुडवून खाते. पदार्थ कुठल्या देशाचा, हे तिने आजवर विचारलेलं नाही. आत काय घातलंय, हे विचारते. मला वाटतं स्टॉल कमिटीपेक्षा आजीचा नियम जास्त बरोबर आहे.

कुणी म्हणेल, असंच चाललं तर भाकरी जाईल. ही भीती खोटी नाही. आमच्याकडेही नाचणी, वरई कमी झाली. पण ती घरच्या केकने कमी केली नाही, टपरीवर लटकणाऱ्या पाकिटांनी केली. माझा भाऊ नाचणीच्या भाकरीला हात लावत नाही, आणि आईची नाचणीची बिस्किटं मात्र बरणी उपडी करून खातो. बिस्किटं तरी कुठे नवीन? आजीच दिवाळीआधी घरून मैदा, साखर, तूप नेऊन बेकरीच्या भट्टीत नानकटाई भाजून आणायची.

असो. 'आपलं-परकं' करण्यात मीही मागे नव्हते, फक्त उलट्या बाजूने. चौथीत वाढदिवसाला आईने दोन डबे भरून केक दिला. मधे तडकलेला, चौकोनी तुकडे, क्रीम वगैरे काही नाही. वर्गात एकीने विचारलं, "इज धिस ढोकळा?" सगळे हसले. मी म्हटलं, आईने नाही, शेजारच्या काकूंनी केलाय. दुसरा डबा उघडलाच नाही. येताना पुलावर थांबून तो इंद्रायणीत रिकामा केला. घरी सांगितलं, सगळा संपला. आई इतकी खूश झाली! म्हणाली, "पुढच्या वर्षी तीन डबे करू."

आणि तिने तीन केले.

हे तिला अजून माहीत नाही. पण कॉलेजचा अंक दर वर्षी घरी जातो, आणि माझं नाव छापून आलंय म्हटल्यावर ती तो आधी आजीला मोठ्याने वाचून दाखवणार. या परिच्छेदापाशी आली की मी बहुतेक पुण्यातच असेन. आई, शनिवारच्या लोकलने येते. वाळूचा डबा काढून ठेव, या वेळी मी करते.