पाचशे फुटांचे समाधान

सॅन लोरेंझो हे कॅलिफोर्नियातील अलमीडा काउंटीतले, सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराजवळचे साधेसे गाव. तिथे २०१० मध्ये जॉन टेशेरा आणि त्यांच्या दोन भागीदारांनी बंदुकांचे दुकान काढायचे ठरवले. काउंटीचा नियम असा की, असे दुकान शाळा, पाळणाघर, निवासी वस्ती, दारूचे दुकान आणि बंदुकीचे दुसरे दुकान या सगळ्यांपासून किमान ५०० फूट दूर हवे. भागीदारांनी दारापासून दारापर्यंत फीत धरली. अंतर ५०० फुटांच्या वर भरले. काउंटीने थेट घरांच्या हद्दीपर्यंत मोजले. ते निघाले ४४६ फूट. मधून ८८० क्रमांकाचा महामार्ग जातो, तो ओलांडून कोण पायी येणार, असे म्हणत स्थानिक नियोजन मंडळाने सवलत दिली. त्यावर रहिवासी संघ अपिलात गेला आणि २०१२ मध्ये काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाने ती सवलत काढून घेतली. मग कोर्टकचेरी सुरू झाली. अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने २०१६ मध्ये दुकानदारांना अनुकूल निकाल दिला, ऑक्टोबर २०१७ मध्ये त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने तो फिरवला आणि मे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. दुकान काही झाले नाही.

या मोठ्या पीठाच्या निकालातला एक तपशील मात्र डोळ्यांत भरतो. बंदूक विकण्याचा स्वतंत्र मूलभूत अधिकार राज्यघटना देत नाही, नागरिकांना ती विकत मिळाली म्हणजे पुरे, असे सांगताना न्यायालयाने दाखला दिला तो काउंटीत आधीच असलेल्या दहा दुकानांचा. त्यातले एक, क्रीडासाहित्याचे मोठे दुकान, टेशेरा यांच्या जागेपासून सुमारे ६०० फुटांवर होते. म्हणजे ज्या गावाने नव्या दुकानाविरुद्ध इतकी वर्षे झुंज दिली, त्या गावाला बंदूक हाकेच्या अंतरावर मिळतच होती. झुंज झाली, निकाल लागला आणि गावातल्या कपाटांत किती बंदुका आहेत, त्यांना कुलूप आहे की नाही, हे जिथल्या तिथे राहिले.

बंदुकीचे दुकान आणि शाळा यांचे भांडण अमेरिकेत नवे नाही. वॉशिंग्टन शहराला लागून असलेल्या व्हर्जिनियातील मॅक्लीन येथे २०१५ मध्ये फ्रँकलिन शर्मन प्राथमिक शाळेच्या अगदी पाठीला पाठ लावून असे दुकान उघडले, तेव्हा पालक फलक घेऊन रस्त्यावर उतरले. काउंटीने हात वर केले. व्हर्जिनियात बंदुकांचे नियम करण्याचा अधिकार राज्याने आपल्या मुठीत ठेवला आहे. तिथली काउंटी बंगल्याच्या कुंपणाची उंची ठरवू शकते, पण बंदुकीचे दुकान शाळेपासून किती लांब असावे हे ठरवताना तिला राज्याच्या तोंडाकडे पाहावे लागते.

मॅसॅच्युसेट्स राज्यात बोस्टनजवळ असलेल्या न्यूटनची गोष्ट वेगळी. शहर सुखवस्तू, शाळा नावाजलेल्या, राजकीय कल उदारमतवादी. एप्रिल २०२१ मध्ये वॉशिंग्टन स्ट्रीटवर बंदुकांचे दुकान येणार असल्याचे कळले आणि गावात एकच कल्लोळ उडाला. शोध घेतला तर दिसले की, शहराच्या जागावापराच्या नियमांत बंदुकीच्या दुकानासाठी वेगळी तरतूदच नाही. बूट विकायचे किंवा पुस्तके विकायची तर जेवढी परवानगी लागते, तेवढीच रायफल विकायला. नगर परिषदेने घाईने नियम तयार केला. असे दुकान शाळा आणि पाळणाघरांपासून १००० फूट, घरांपासून १५० फूट दूर असावे आणि त्याला परिषदेची दोन तृतीयांश बहुमताने खास परवानगी लागावी. जूनच्या सुरुवातीला हा नियम २३ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाला. सरसकट बंदीची सूचनाही पुढे आली होती. ती पडली, कारण न्यायालयात टिकणार नाही ही भीती अनेकांना होती.

१००० फूट हा आकडा न्यूटनच्या आधीपासून अमेरिकी कायद्यात आहे. अमेरिकी संसदेने १९९० मध्ये शाळेच्या आवारात आणि तिच्या भोवती १००० फुटांत बंदूक बाळगण्यास मनाई करणारा कायदा केला. मार्च १९९२ मध्ये सॅन अँटोनियोतील एक विद्यार्थी शाळेत पॉइंट ३८ चे रिव्हॉल्व्हर घेऊन आला आणि पकडला गेल्यावर त्याच्यावर या कायद्याखाली खटला भरला गेला. तो सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. हा विषय आंतरराज्य व्यापाराचा नाही, संसदेला इथे अधिकार नाही, असे म्हणत न्यायालयाने १९९५ मध्ये ५ विरुद्ध ४ अशा निसटत्या बहुमताने कायदा रद्द केला. संसदेने पुढच्याच वर्षी व्यापाराचा संबंध जोडून तो पुन्हा आणला. पण या कायद्यात खासगी जागा वगळलेली आहे. बंदूक रिकामी करून कुलूपबंद पेटीत ठेवली तर तीही चालते. त्यामुळे शाळेसमोरच्या फुटपाथवर भरलेले पिस्तूल घेऊन उभे राहणे गुन्हा ठरू शकतो, आणि त्याच फुटपाथला लागून असलेल्या भाड्याच्या गाळ्यात शेकडो पिस्तुले काचेच्या कपाटात मांडणे हा धंदा ठरतो. पालकांचा संताप या विसंगतीवर आहे आणि तो रास्त आहे.

दुकानदारांची बाजूही ऐकून घ्यायला हवी. ते सांगतात की, आम्हाला केंद्राचा परवाना लागतो, प्रत्येक विक्रीला अर्ज भरून घ्यावा लागतो, गिऱ्हाइकाची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासावी लागते, एकवीस वर्षांखालच्या कोणाला आम्ही पिस्तूल विकू शकत नाही. शाळकरी पोर आमच्याकडे येऊन करणार काय? हे खरे आहे. अमेरिकेत बंदूक ज्या ज्या हातांतून जाते, त्यांतला दुकानदाराचा हात त्यातल्या त्यात सरकारच्या नजरेखाली असतो. एका माणसाने दुसऱ्याला परस्पर विकलेल्या बंदुकीची अनेक राज्यांत साधी नोंदही होत नाही. दुकानाला शिव्या घालणे सोपे, कारण दुकानाला पाटी असते.

मग शाळेत शिरलेल्या बंदुका येतात कुठून? न्यूटाऊनमधील सँडी हुक शाळेत डिसेंबर २०१२ मध्ये २० मुले आणि ६ मोठी माणसे मारली गेली. ती बंदूक मारेकऱ्याच्या आईने कायदेशीर विकत घेतलेली होती. मिशिगनमधील ऑक्सफर्ड येथे नोव्हेंबर २०२१ मध्ये चार विद्यार्थी मेले. ते पिस्तूल मारेकरी मुलाच्या वडिलांनी चारच दिवसांपूर्वी खरेदी केले होते. टेक्सासमधील युव्हाल्डी येथे मे २०२२ मध्ये १९ मुले आणि दोन शिक्षिकांचा बळी घेणाऱ्याने मात्र स्वतः, अठरावा वाढदिवस झाल्यावर काही दिवसांतच, रायफल विकत घेतली. दुकान शाळेपासून दोन मैल दूर असते म्हणून तो थांबला नसता. राज्याने रायफलीसाठी वयाची अट एकवीस केली असती तर तिथे तरी अडला असता. अमेरिकी सिक्रेट सर्व्हिसने शाळांवरील हल्ल्यांचा अभ्यास करून २०१९ मध्ये अहवाल दिला. बंदूक वापरणाऱ्या हल्लेखोरांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातलगाच्या घरातून मिळवली होती, असे त्यात नमूद आहे. फीत शाळा आणि दुकान यांच्यामध्ये ताणली जाते. मुलाची खोली आणि बापाचे कपाट यांच्यामध्ये मात्र ती कोणी धरत नाही.

असे असूनही लोक फुटांवरच का भांडतात? कारण त्यांच्या हाती दुसरे फारसे काही उरलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये घरात शस्त्र बाळगणे हा व्यक्तीचा हक्क मानला. त्याच निकालात शाळांसारख्या संवेदनशील जागांवरची बंधने आणि विक्रीवरच्या अटी योग्य असल्याचेही म्हटले होते. जून २०२२ मध्ये त्याने आणखी पुढे जाऊन सांगितले की, कोणतेही बंधन देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसले पाहिजे. त्यामुळे एकविसाव्या शतकातला नियम वाचवण्यासाठी सरकारी वकिलांना अठराव्या शतकातले कायदे धुंडाळत बसावे लागते. राष्ट्रीय पातळीवर दार बंद, बऱ्याच राज्यांत विधिमंडळाचे दार बंद. उरते ती नगर परिषदेची जागावापर समिती. तिथे पालकाला तीन मिनिटे बोलायला मिळतात आणि समोर बसलेल्याला पुढच्या निवडणुकीत त्याचे मत हवे असते. जिथे ऐकले जाते तिथे माणूस बोलतो.

आपल्याला हे परके वाटू नये. तंबाखू नियंत्रण कायदा २००३ मध्ये झाला, त्यानुसार शाळेपासून १०० यार्डांत तंबाखूजन्य पदार्थ विकायला बंदी आहे. महाराष्ट्रातल्या कित्येक शाळांनी ती हद्द दाखवणारी पिवळी रेघ रस्त्यावर मारून घेतली. टपरीवाला रेघेपलीकडे चार पावले सरकला आणि गुटख्याच्या माळा पूर्वीसारख्याच लटकल्या. दारूच्या बाबतीत गावातल्या बायांना मतदानाने दुकान बंद करता येते. ‘आडवी बाटली’ जिंकल्यावर गुलाल उधळला जातो, मग शेजारच्या गावातून पिशव्या येऊ लागतात. तरीही त्या बायांना कोणी वेड्यात काढू नये. दारातला गुत्ता उठला, की निदान रोजचा तमाशा थांबतो आणि पोरांसमोर ते चित्र राहत नाही. बंदुकांच्या बाबतीत आपल्याकडे हा वादच सहसा उद्भवत नाही, कारण १९५९ च्या शस्त्र कायद्याने गाळणी दुकानाच्या आधीच लावलेली आहे. परवाना मागणाऱ्याला पोलीस चौकशीतून जावे लागते, तो नाकारता येतो, आणि परवान्याशिवाय दुकानात शिरून उपयोग नसतो. गावठी कट्ट्यांचा प्रश्न निराळा. त्यांना ना दुकान लागते ना पाटी.

आमचे मत असे की, शाळेशेजारी काय विकले जावे हे ठरवण्याचा अधिकार गावाला असलाच पाहिजे. सॅन लोरेंझोच्या रहिवाशांनी तो वापरला, न्यूटनने नियम करून मिळवला आणि मॅक्लीनच्या पालकांना तो नाकारला गेला, ही चूक व्हर्जिनिया राज्याची. व्हर्जिनियाने २०२० मध्ये सरकारी इमारती आणि उद्यानांपुरता हात सैल केला, पण तो पुरेसा नाही. त्याच वेळी फूटपट्टीच्या आडून बंदी आणणे आम्हाला मान्य नाही. टेशेरा यांचा आक्षेप होता की, काउंटीच्या अखत्यारीतल्या भागात ५०० फुटांच्या अटीत बसणारी एकही जागा नाही. शिकागोने नेमबाजीच्या केंद्रांवर अशा अटी घातल्या, की शहराचा जेमतेम २.२ टक्के भाग उरला. अपील न्यायालयाने २०१७ मध्ये त्या रद्द केल्या, कारण या अटींनी कोणता धोका टळतो याचा पुरावा शहराला देता आला नाही. बंदी हवी असेल तर ती उघडपणे मागावी आणि न्यायालयात हरण्याची तयारी ठेवावी. नकाशावर गोल काढून ती चोरपावलांनी आणणे हा लोकशाहीशीही अप्रामाणिकपणा आहे.

आणि दुकान हटले म्हणून घरी जाऊन निश्चिंत झोपणे हा त्याहून मोठा धोका आहे. २०२० पासून अमेरिकेत एक ते एकोणीस या वयोगटातील मृत्यूंचे पहिले कारण बंदूक हे आहे. मोटार अपघात मागे पडले. बंदुकीच्या या मृत्यूंत शाळेतल्या हत्याकांडांचा वाटा अगदी लहान. बाकीचे मृत्यू घरात आणि रस्त्यावर होतात. कोणी रागाच्या भरात मरतो, कोणी निराशेच्या, कोणी खेळता खेळता. मॅसॅच्युसेट्समध्ये बंदूक कुलूपबंद ठेवण्याची सक्ती १९९८ पासून आहे, म्हणजे न्यूटनकरांना निदान कायद्याचा आधार होता. ऑक्सफर्डमध्ये गोळीबार झाला तेव्हा मिशिगनमध्ये तसा कायदा नव्हता. तो १३ फेब्रुवारी २०२४ रोजी लागू झाला. त्याच वर्षी मारेकरी मुलाच्या आईवडिलांना सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवून दहा ते पंधरा वर्षांचा तुरुंगवास सुनावण्यात आला. शाळेतल्या हत्याकांडासाठी मारेकऱ्याच्या आईवडिलांना मनुष्यवधाचे दोषी ठरवत अमेरिकी न्यायसंस्थेने पहिल्यांदाच असे घराच्या उंबऱ्याच्या आत पाहिले. हा निकाल आम्हाला फुटांच्या सगळ्या निकालांहून मोलाचा वाटतो.

या वादाचा मराठी घरांशी संबंध उरतोच. अलमीडा काउंटीतच फ्रिमाँट आहे, मॅक्लीनच्या अवतीभोवतीची उत्तर व्हर्जिनिया आहे, बोस्टनची उपनगरे आहेत. या सर्व ठिकाणी आपली माणसे मुलांच्या शाळा पाहून घर घेतात. त्यांची पाच-सहा वर्षांची मुले दिवे घालवून, वर्गाच्या कोपऱ्यात, दारातून दिसणार नाही अशा बेताने गप्प बसण्याचा सराव करतात. नागपूरला किंवा कोल्हापुरात बसलेल्या आजीला ते व्हिडिओ कॉलवर कसे सांगावे हे आईबापांना कळत नाही. मूल मित्राच्या घरी खेळायला जाणार असेल तर हीच आई आधी फोन करून विचारते, की केकमध्ये अंडे आहे का, शेंगदाण्याचे काही आहे का, घरी कुत्रा आहे का. बंदूक आहे का हे विचारायला ती कचरते. गोऱ्या शेजाऱ्याला काय वाटेल, आपण आगाऊ ठरू का, असे तिच्या मनात येते. तिथले बालरोगतज्ज्ञ हा प्रश्न विचाराच म्हणून सांगतात, आणि अनेक गावांची पोलीस ठाणी बंदुकीच्या केबलची कुलुपे फुकट देतात. मराठी मंडळांच्या गणेशोत्सवात वधूवर मेळाव्याचे टेबल असते, विम्याचे असते, घरखरेदीच्या दलालाचे असते. तिथे एक टेबल या कुलुपांचेही लावावे. आणि शेजारी म्हणाला की हो, आहे, तर ती रिकामी आहे का, कुलपात आहे का आणि काडतुसे वेगळी ठेवली आहेत का, हेही त्याच फोनवर विचारून घ्यावे.