हरणीचा खटला: 'माहीत होतं' की 'लक्ष दिलं नाही'?

बडोदा : 18 जानेवारी 2024 ला शाळेच्या सहलीची बोट हरणी तलावात उलटली. 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, सगळ्यांना लाइफ जॅकेट नव्हतं. नंदुरबारकडच्या वाचकांना हे नवं नाही. 2019 च्या संक्रांतीला धडगाव तालुक्यात नर्मदेत अशीच खचाखच भरलेली बोट उलटली होती.

बडोदा पोलिसांनी कलम 304, म्हणजे सदोष मनुष्यवध लावला. लोक विचारतात, मुद्दाम कुणी बुडवलं का? मग हे कलम कसं?

मुद्दा इथेच आहे. गुन्ह्याला नुसतं कृत्य पुरत नाही, मनाची अवस्थाही बघतात. पण दरवेळी मारण्याचा हेतूच लागतो असं नाही. 'यात माणूस मरण्याचा संभव आहे' ही जाणीव असूनही काम केलं, तर 304 चा दुसरा भाग लागतो, शिक्षा 10 वर्षांपर्यंत. जाणीव सिद्ध झाली नाही, नुसता निष्काळजीपणा दिसला, तर 304-अ, जास्तीत जास्त 2 वर्षं. 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेने ही मर्यादा 5 वर्षांवर नेली, पण वाढीव शिक्षा मागच्या घटनेला लागत नाही.

भोपाळमध्ये हेच झालं. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोप 304-अ वर आणला. नुसता कारखाना चालवला म्हणजे माणसं मरतील ही जाणीव होती असं धरता येत नाही, असं म्हटलं. हजारो बळी गेले आणि 2010 मध्ये शिक्षा झाली 2 वर्षांची. याउलट मुंबईच्या कार्टर रोडवर 2006 मध्ये दारूच्या नशेतल्या चालकाने फुटपाथवर झोपलेले 7 मजूर चिरडले, तिथे 304 चा दुसरा भाग 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही टिकला. शिक्षा मात्र 3 वर्षं.

दुसरा प्रश्न, कुणाला धरायचं? बोट चालवणारा जागेवर होता. ठेकेदार कंपनीचे भागीदार घरी असतील. भागीदार आहे म्हणून कुणी आपोआप गुन्हेगार ठरत नाही; नुकसानभरपाईचं गणित वेगळं, तुरुंगाचं वेगळं. पण कायद्याने टाकलेलं काम न करणं हेही कृत्यच मानलं जातं. जॅकेट पुरवणं ज्याची जबाबदारी, त्याला 'मी तिथे नव्हतो' म्हणून सुटता येणार नाही.

महापालिकेचं कोडं अवघड आहे. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन ठेका देण्याच्या निर्णयावर ताशेरे ओढले. मात्र चुकीचा ठेका आणि मनुष्यवध यांत मोठं अंतर आहे, ते ताशेऱ्यांनी भरत नाही. त्याला कागद लागतात : जॅकेटं किती घेतली, बोटीची तपासणी कधी झाली, आधी कुणी तक्रार केली होती का, आणि ती कुणाच्या टेबलावर पडून राहिली.