नवव्या महिन्यातला पत्ता

लखनौच्या इंदिरा नगरात मी अठरा वर्षं राहते. आमच्या गल्लीतून मुन्शी पुलियाकडे निघालं की नर्सिंग होमच्या पाट्या मोजता मोजता थकायला होतं. तरीही आमच्याकडे धुणंभांडी करणारीला आठवा लागल्यावर विचारलं, "बाळंतपण कुठे?" तर म्हणाली, "गाँव जाएँगे, दीदी." गाव बहराइच जिल्ह्यात, घाघरेपलीकडे.

आरोग्यसेवांचे नकाशे करणं हे माझं पोटापाण्याचं काम. दवाखान्याचा ठिपका, त्याभोवती वर्तुळ, आत माणसं किती ते मोजायचं. सपाटीच्या खेड्यांत 30 हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, शहरात 50 हजारांमागे. वर्तुळं रंगवून दाखवली की बैठकीत सगळे खूश. मीही अशी पुष्कळ रंगवली आहेत. पॉलिटेक्निक चौराह्यावरची संध्याकाळची कोंडी वर्तुळाला कळत नाही, हे आता बहुतेकांना पटलंय. किलोमीटरऐवजी मिनिटं मोजतात. माझं भांडण वेगळंच आहे. बाई जिथे नोंदवली तिथेच बाळंत होणार, असं आपण बिनदिक्कत धरून चालतो.

मराठी वाचकांना हे फोड करून सांगायला नको. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपलीच रीत. नोंद पुण्याच्या वॉर्डात, कळा लातूरच्या तालुक्यात. ऊसतोडीला गेलेल्या बीडच्या बाईचं तर हंगामभर गाव म्हणजे फडाशेजारची खोपीच.

इथलं उदाहरण शेजारचंच. कुकरैल नाल्याकाठचं अकबरनगर जून 2024 मध्ये पाडलं गेलं आणि लोकांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, बसंत कुंजमध्ये घरं मिळाली. त्या महिन्यात तिथेही कुणी पाचव्यात, कुणी नवव्यात असणारच. माझ्या संगणकात मात्र पुढे कित्येक महिने अकबरनगर दाट वस्तीच्या गडद रंगातच होतं. कुणी पुसायला सांगितलं नाही, मलाही सुचलं नाही.

2018-20 च्या आकडेवारीत एक लाख जिवंत जन्मांमागे उत्तर प्रदेशात 167 माता दगावल्या, महाराष्ट्रात 33. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबला नाही तर धडधाकट बाई दोन तासांतही जाऊ शकते. त्या दोन तासांच्या आत रक्त कुठे मिळेल, भूल देणारा डॉक्टर कुठे आहे, हे नकाशाने सांगायला हवं. पण हे अंतर मोजायचं कुणाच्या दारापासून?

यासाठी नवं सॉफ्टवेअर नको. सातव्या महिन्यात आशा कार्यकर्ती घरी येते तेव्हा "बाळंतपणाला कुठे जाणार?" याचं उत्तर गावाच्या नावासकट लिहून घ्यावं, आणि नकाशावर ठिपका त्या गावी पडावा, अपेक्षित तारखेसह. म्हणजे तिकडच्या आशेला आधीच कळेल, 102 ची गाडी कुठे उभी ठेवायची तेही ठरेल. बायका ऐनवेळी बेत बदलतात, असं माझे सहकारी म्हणतात. बदलतात खऱ्या. सासू आजारी पडते, नवऱ्याची मजुरी अडकते. मग नवव्यात पुन्हा विचारा.

आमच्या बाईच्या जच्चा-बच्चा कार्डावर पत्ता तकरोहीचा आहे. मी मागच्या कोऱ्या जागेत तिच्या गावाचं नाव पेन्सिलीने लिहून दिलं. ती हसली. "वहाँ तो सबको पता है, दीदी."

सबको म्हणजे कुणाला, मी विचारलं.

सासूला, दाईला आणि टेम्पोवाल्याला.