फॅन घरघरतोय म्हणून कार्ड बदलू नका

ऑक्टोबर सरला की जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरी क्वार्टरांतले कूलर बंद होतात. मग ज्या घरात गेमिंगचा किंवा लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचा कॉम्प्युटर आहे, तिथे एकदम लक्षात येतं की आतलं ग्राफिक्स कार्ड घरघरतंय. बहुतेक वेळा ही घरघर मे महिन्यापासूनचीच असते, कूलरच्या आवाजापुढे ती ऐकू येत नव्हती एवढंच. लगेच नव्या कार्डाची मागणी सुरू होते. पंचवीस-तीस हजारांचा विषय आहे, तेव्हा पाकीट काढण्याआधी जरा ऐका.

ऐका म्हणजे अक्षरशः ऐका. कॅबिनेटची एक बाजू उघडा, वर्तमानपत्राची सुरळी करून कानाला लावा आणि तिचं दुसरं टोक लांबूनच एकेका फॅनकडे न्या. ओरडत असतो पॉवर सप्लायचा किंवा कॅबिनेटचा स्वस्तातला फॅन आणि आळ येतो ग्राफिक्स कार्डावर, असं पुष्कळदा निघतं. टक-टक असा ठेक्यातला आवाज असेल तर बहुधा एखादी वायर पात्याला लागतेय. ती बांधून टाका, काम संपलं. गेमच्या मेनूवर बारीक चिरका आवाज येत असेल, तर तो फॅन नव्हेच. कार्डावरच्या कॉइल थरथरतात. मेनूत फ्रेम शेकड्यांनी पळत असतात, त्यांना ६० ची मर्यादा घातली की आवाज बहुधा बसतो.

फॅन मिनिटभर सुरू, मिनिटभर बंद, असं चाललं असेल तर बिघाड काहीच नाही. अनेक कार्डांचे फॅन ५०-६० अंशांपर्यंत फिरतच नाहीत आणि थंडीत कार्ड नेमकं त्याच हद्दीवर रेंगाळतं. एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालतं. त्यात फॅनचा आलेख आपल्याला हवा तसा आखता येतो. फॅन हळू, पण सतत फिरू द्या. वेग २० टक्के उतरवला की आवाज साधारण ५ डेसिबलने कमी होतो. तिथेच पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणून बघा. बहुतेक गेममध्ये फरक जाणवणारही नाही.

आता उष्णता आणि धूळ. २० अंशांच्या खोलीत ६५ अंशांवर चालणारं कार्ड ३८ अंशांच्या खोलीत ८३ च्या घरात जातं, आणि फॅन जीव तोडून फिरू लागतो. त्यात आपल्याकडे धानाची मळणी, राइस मिलचा कोंडा. त्याहून वाईट म्हणजे कॅबिनेटला गार वाटावं म्हणून ते कूलरसमोर ठेवणं! ओलसर हवेत धूळ हीटसिंकच्या पत्र्यांना थापल्यासारखी चिकटते. हे कृपा करून बंद करा. धूळ काढायला ब्लोअर मारण्याआधी प्लग काढा आणि फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने ते भन्नाट फिरलं की बेअरिंगची वाट लागते.

साफ करूनही सुरू होताना करकर आणि गरम झाल्यावर जरा कमी, असं असेल तर फॅनच्या दांड्याचा बुश झिजलाय. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत बुश म्हणजे काय हे कुणी सांगायला नको, शेजारपाजारी एखादा फिटर किंवा टर्नर असतोच. प्लग काढून फॅन हलकेच वर-खाली हलवायला त्यालाच सांगा, किती प्ले आहे ते तो एका क्षणात सांगेल. बुशात मुरवलेलं तेल सुकलं की दांडा डुगडुगतो. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब काही दिवस निभावून नेतो. खोबरेल तेल मात्र अजिबात नको. डिसेंबरात ते बाटलीत गोठतं, तसंच फॅनमध्येही गोठेल.

खरा इलाज फॅन बदलण्याचाच. पण कार्ड वॉरंटीत असेल आणि स्क्रूवर स्टिकर असेल तर हात लावू नका, सर्व्हिस सेंटरला द्या. वॉरंटी संपली असेल तर फॅनच्या मागच्या स्टिकरवरचा नंबर, कनेक्टरच्या पिना आणि स्क्रूच्या भोकांमधलं अंतर, या तिन्हींचा फोटो घेऊनच नागपूरला सीताबर्डीत जा. नुसतं कार्डाचं नाव सांगून हमखास चुकीचा फॅन हातात पडतो. फॅन वरच्यावर निघत असेल तर हीटसिंक सोडवू नका, सोडवला तर थर्मल पेस्ट नवी लावावी लागेल. आणि दोनपैकी एकच फॅन वाजत असला तरी जोडीच बदला, दुसराही तेवढाच फिरलेला असतो.